शिवेपासून शहरापर्यंत : पिंपरी-चिंचवडच्या वाढीचा इतिहास

आपल्या विद्यालयातून शिकून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांचे पत्ते चाळले, तर काही नावे पुन्हा पुन्हा भेटतात : भोसरी, निगडी, दापोडी, थेरगाव, चिखली, देहूरोड. कुणी कारखान्यात फिटर आहे, कुणी महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका आहे, कुणी संगणक कंपनीत आहे, कुणाचे आईवडील अजूनही कंत्राटी कामावर जातात. एकेकाळी ही सगळी नावे खेड्यांची होती. आज ती एका महानगराच्या भागांची आहेत. ही खेडी शहर कशी झाली, आणि त्या घडण्यात आपल्या समाजाचे स्थान कोणते, याचा विचार या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडावा, असे आम्हांस वाटते.

शहराचा इतिहास बहुधा कारखान्यांच्या आणि नेत्यांच्या नावांनी सांगितला जातो. त्यात खोटे काही नसते; पण पुष्कळसे गाळलेले असते. गाव वाढते म्हणजे प्रत्यक्षात काय होते? जमिनीचा मालक बदलतो, कामाचे स्वरूप बदलते, पाण्याची वाट बदलते आणि कागदावरील नोंदी बदलतात. या चार गोष्टी ज्याला समजल्या, त्याला शहर समजले. आम्ही वर्गात मुलांना हेच सांगत आलो आहोत.

पांढरी, काळी आणि शीव

पुण्याच्या वायव्येस पवना, मुळा आणि इंद्रायणी या नद्यांच्या आधाराने ही गावे वसली. चिंचवड हे मोरया गोसावींच्या समाधीमुळे आणि देवस्थानामुळे प्रसिद्ध होते. पुढे १८९७ साली रँडच्या वधामुळे चापेकर बंधूंचे गाव म्हणूनही ते इतिहासात नोंदले गेले. इंद्रायणीकाठी देहू आणि आळंदी. या तीर्थांच्या मधली पिंपरी, भोसरी, आकुर्डी, वाकड, रहाटणी ही बाजरी-ज्वारी पिकवणारी साधी कुणबाऊ गावे होती.

जुन्या मराठी गावाचे दोन भाग असत. घरांची जागा ती पांढरी आणि शेतीची जमीन ती काळी. पांढरीच्या आत पाटील, कुलकर्णी, शेतकरी, सुतार, लोहार; पांढरीच्या कडेला अथवा बाहेर महारवाडा आणि मांगवाडा. गावाची शीव कोठे आहे हे सर्वांत नेमके कुणाला ठाऊक असे? महाराला. शिवेचा तंटा निघाला की त्याची साक्ष प्रमाण मानली जाई. सरकारी निरोप नेणे, सारा वसूल करून नेणाऱ्यांस सोबत करणे, चावडीची झाडलोट, वेशीवरची राखण ही कामे त्याच्याकडे. गावाच्या सीमेचे ज्ञान ज्याच्या पायांत होते, त्याला गावाच्या मध्यावर मात्र जागा नव्हती.

या कामांच्या बदल्यात मिळे ते बलुते आणि वतनाची जमीन. वतन म्हणजे मालकी असा समज अनेकांचा आहे. वस्तुतः ती चाकरीशी बांधलेली जमीन होती. तुकडा लहान, वाटेकरी अनेक आणि राबणूक साऱ्या घराण्याची. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने या व्यवस्थेस सरकारी शिक्का दिला. या जोखडातून समाजास सोडवण्यासाठी बाबासाहेब आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. सेवेला रोख मोबदला द्यावा आणि जमीन पूर्ण सारा घेऊन वतनदाराच्या मालकीची करावी, हा त्यांच्या मागणीचा गाभा होता. ते विधेयक त्या वेळी फलद्रूप झाले नाही. परंतु जमीन आणि माणूस यांच्यातील गुलामीची गाठ नेमकी कोठे आहे, हे त्याने दाखवून दिले. पुढे या गावांवर शहर येऊन आदळले, तेव्हा याच जमिनीचा प्रश्न पुन्हा डोके वर काढणार होता.

लोहमार्ग आणि दारूगोळा

या परिसरातील पहिला मोठा बदल रेल्वेने घडवला. १८५८ साली खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ मध्ये बोरघाटाचे काम पूर्ण होऊन मुंबई-पुणे सलग जोडली गेली. खडकीस इंग्रजांची छावणी होतीच. १८६९ मध्ये तेथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला. पुढे देहूरोड येथे लष्कराचे मोठे भांडार उभे राहिले.

या घटनेचे महत्त्व आर्थिक आहे तितकेच सामाजिकही आहे. रेल्वे, छावणी आणि दारूगोळ्याचा कारखाना येथे कामाचा मोबदला रोख मिळे. बलुत्यात भाकरी मागावी लागते. पगार मोजून घेता येतो. गावाच्या पाटलाच्या मर्जीवर जगणाऱ्या माणसाला महिन्याच्या महिन्याला हातात नाणी मिळू लागली, की त्याच्या मानेचा बाक थोडा कमी होतो. पुणे परिसरातील अस्पृश्य समाजातील पहिली जागृत पिढी लष्करी नोकरी आणि या सरकारी कामांच्या आधाराने उभी राहिली, हे लक्षात ठेवले पाहिजे.

देहूरोडच्या नावाशी आपल्या इतिहासाचे एक सोनेरी पान जोडलेले आहे. रंगून येथील जागतिक बौद्ध परिषदेहून परतल्यानंतर बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथील विहारात भगवान बुद्धांच्या मूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या आधी जवळजवळ दोन वर्षे. हा प्रसंग लष्करी भांडाराच्या आसऱ्याने वाढलेल्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत घडावा, यात आम्हांस योगायोग वाटत नाही. जेथे माणसे बलुत्याच्या बेडीतून सुटून वेतनावर जगू लागली होती, तेथे नव्या विचाराला पाय टेकण्याइतकी जमीन तयार झाली होती.

कारखाने आले ते का?

स्वातंत्र्याबरोबर फाळणी आली आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी पिंपरीस छावणी उभारण्यात आली. आजही त्या भागास ‘पिंपरी कॅम्प’ म्हणतात. घरदार गमावून आलेल्या या लोकांनी पुढे तेथे मोठी बाजारपेठ वसवली.

त्यानंतर १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पेनिसिलिन बनवणारा हा कारखाना उभा राहिला. येथूनच पिंपरीचे नाव देशाच्या औद्योगिक नकाशावर आले. १९६१ च्या कायद्यान्वये १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपल्या बोलण्यातले ‘एमआयडीसी’, स्थापन झाले आणि भोसरी-पिंपरी-चिंचवड-आकुर्डीच्या माळांवर त्याने मोठे औद्योगिक क्षेत्र आखले. बजाज, टेल्को आणि त्यांच्यामागून सुटे भाग बनवणाऱ्या शेकडो लहान कारखान्यांनी ते क्षेत्र भरून टाकले.

कारखाने याच गावांत का आले? कारणे चार. मुंबईत जागा अपुरी पडू लागली होती आणि उद्योग मुंबईबाहेर न्यावेत असे शासनाचे धोरण होते. मुंबई-पुणे रस्ता आणि लोहमार्ग दोन्ही याच गावांतून जात होते. पवनेचे पाणी जवळ होते. आणि चौथे कारण असे, की येथील माळरान सपाट आणि स्वस्त होते. पहिल्या तिन्ही कारणांची चर्चा पुष्कळ होते. चौथ्याची होत नाही. जमीन स्वस्त होती, कारण ती पिकवणाऱ्याच्या हाती सौदा करण्याचे बळ नव्हते.

भूसंपादनाचा मोबदला सातबाऱ्यावर ज्याचे नाव, त्याला मिळतो. कुळ कायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्या कुळांस मालकीचा मार्ग मोकळा केला. पण ज्याची कूळ म्हणून नोंदच नव्हती, जो दुसऱ्याच्या शेतात रोजाने राबत होता, त्याच्यासाठी त्या कायद्यात काही नव्हते. माळ गेला तेव्हा शेतकऱ्याची जमीन गेली आणि त्याला थोडीफार भरपाई मिळाली. शेतमजुराचे काम गेले. त्याची भरपाई कोणत्याही रकान्यात नव्हती.

तरीही कारखान्याने त्याला दुसरी वाट दिली, हे नाकारणे अन्यायाचे होईल. आयटीआयचे प्रमाणपत्र घेतलेला महारवाड्यातील तरुण यंत्रावर उभा राहिला. यंत्र जात विचारत नाही. सरकारी कारखान्यात राखीव जागांचे तत्त्व होते, त्यामुळे तेथे कायम नोकरीचे दार उघडले. खासगी कारखान्यांत तसे बंधन नव्हते. तेथे भरतीची वाट बहुधा ओळखीपाळखीतून जाई, आणि ओळख ही गोष्ट आपल्या देशात जातीच्या वाटेनेच चालते. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन कारखाने असत, परंतु आपल्या मुलांसाठी त्यांच्या फाटकांची उंची सारखी नसे.

चार गावांची नगरपालिका

कारखाने आले, पण कारभार ग्रामपंचायतींचाच राहिला. हजारो कामगारांच्या वस्तीला दिवाबत्ती, गटारे, शाळा, दवाखाने पुरवणे ग्रामपंचायतीच्या आवाक्यात नव्हते. तेव्हा अण्णासाहेब मगर यांच्या पुढाकाराने पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून ४ मार्च १९७० रोजी नगरपालिका स्थापन झाली. अवघ्या बारा वर्षांत, ११ ऑक्टोबर १९८२ रोजी, तिची महानगरपालिका झाली. १९९७ साली भोवतालची अठरा गावे तीत आली. पुढे ताथवडेही आले. आज या महानगराचे क्षेत्र सुमारे १८१ चौरस किलोमीटर आहे.

लोकसंख्येचे आकडे याहून बोलके आहेत. १९५१ मध्ये या गावांची वस्ती तीस हजारांच्या आत होती. १९७१ मध्ये ती लाखाच्या जवळ गेली, १९८१ मध्ये अडीच लाख, १९९१ मध्ये पाच लाखांहून अधिक, २००१ मध्ये दहा लाख आणि २०११ च्या जनगणनेत सतरा लाखांच्या वर. तीन दशके सतत, दर दहा वर्षांनी गावाने आपली दुप्पट केली. घरातील लेकरे वाढून अशी वाढ होत नाही. माणसे बाहेरून येतात तेव्हाच ती होते.

ती कोठून आली? १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा, सोलापूर आणि नगर भागांतील कुटुंबे मुळापासून हलली. बीड, लातूर, उस्मानाबाद, जळगाव, बुलढाणा, पुढे उत्तर भारत आणि कर्नाटक अशा दूरदूरच्या प्रदेशांतून माणसे येत राहिली. त्यांत आपला समाज मोठ्या संख्येने होता. दुष्काळ सर्वांवर आला होता, परंतु ज्याच्याजवळ जमीन नव्हती त्याला परत जाण्यासाठी काही उरले नव्हते.

नगरपालिका श्रीमंत झाली ती जकातीमुळे. कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक मालावर कर मिळे, आणि पाहता पाहता ही देशातील सधन महानगरपालिकांत गणली जाऊ लागली. १ एप्रिल २०१३ पासून जकातीऐवजी स्थानिक संस्था कर आला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराने करांची सारी मांडणीच बदलली. परंतु रुंद रस्ते, उद्याने, नाट्यगृहे यांचा पाया त्या जकातीत आहे. तो माल बनवणाऱ्या हातांचा त्या रस्त्यांवर किती अधिकार आहे, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

वतनाच्या जमिनीचे काय झाले?

आता आपण मघाच्या प्रश्नाकडे वळू. १९५८ साली मुंबई राज्याने कनिष्ठ गाव-वतने रद्द करण्याचा कायदा संमत केला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून तो अमलात आला. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये ज्याची मागणी केली होती, ते तीस वर्षांनी, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर घडले. चाकरी संपली. जमीन शासनाकडे जमा झाली आणि ठरावीक कब्जाहक्काची रक्कम मुदतीत भरल्यास ती मूळ वतनदारास परत देण्याची, म्हणजे ‘रिग्रँट’ करण्याची तरतूद झाली. अशी परत मिळालेली जमीन नव्या शर्तीची असते. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून आणि शासनाकडे नजराणा भरल्यावाचून ती विकता येत नाही.

या अटीमागचा हेतू संरक्षणाचा होता. प्रत्यक्षात काय झाले, ते शहरांजवळच्या अनेक गावांत दिसते. कित्येक वतनदारांपर्यंत कायद्याची वार्ताच पोहोचली नाही. कित्येकांपाशी रक्कम भरण्यास पैसा नव्हता. एका तुकड्यावर दहा-वीस वारस, त्यांतले निम्मे मुंबईस गिरणीत किंवा बंदरावर गेलेले. अर्ज करायचा कुणी? जमीन पडीक दिसे, आणि पडीक जमिनीवर दुसऱ्याचा नांगर चालण्यास वेळ लागत नाही. पुढे माळाला सोन्याचा भाव आला, तेव्हा साध्या कागदावरचे अंगठे, कुलमुखत्यारपत्रे आणि साठेखते निघू लागली. ज्या पिढीला अक्षरओळख नव्हती, तिच्या अंगठ्यावर लाखमोलाच्या जमिनींचे व्यवहार उभे राहिले.

पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी येथे थांबून थोडे लक्ष द्यावे. आपल्या मूळ गावी वतनाची जमीन असेल, मग ते गाव पुण्याजवळचे असो वा नागपूर-औरंगाबादजवळचे, तर तिचे कागद एकदा पाहावेत. जुन्या सातबाऱ्यावर आणि फेरफारांत ‘महार वतन’ अथवा ‘इनाम वर्ग ६ ब’ अशी नोंद असते. क-ड-ई पत्रक, वतन रद्द झाल्यावरचा फेरफार, रिग्रँटचा आदेश, रक्कम भरल्याची पावती ही साखळी तपासावी. परवानगीवाचून झालेला व्यवहार कायद्याच्या कसोटीवर टिकणे कठीण असते. जाणत्या वकिलाचा सल्ला घेतल्याविना कोणत्याही कागदावर स्वाक्षरी करू नये. इतिहासाचा अभ्यास म्हणजे केवळ राजांच्या वंशावळी नव्हेत. आपल्या आजोबांच्या नावाचा फेरफार वाचता येणे हाही इतिहासाचाच अभ्यास होय.

खोली, गुंठा आणि वस्ती

बाहेरून आलेला कामगार राहिला कोठे? पहिला आसरा म्हणजे गावठाणातील भाड्याची खोली. ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी अंशतः उरल्या, त्यांनी पत्र्याच्या बैठ्या चाळी बांधल्या. जमिनीचे पीक गेले आणि खोल्यांचे पीक आले. परंतु खोली पाहावयास गेलेल्या माणसाला भाड्याच्या आधी विचारले जाई, ‘आडनाव काय? कोणते लोक?’ गावातील शीव पुसली गेली होती; ती घरमालकाच्या उंबऱ्यावर येऊन बसली. आज सदनिकांच्या जाहिरातीत तो प्रश्न छापलेला नसतो. फोनवर मात्र अजूनही आडनाव ऐकून ‘खोली कालच गेली’ असे सांगितले जाते, याचा अनुभव अनेक वाचकांस असेल.

ज्यांस खोलीही परवडली नाही, त्यांनी नाल्याकाठी, लोहमार्गालगत, मोकळ्या सरकारी जागेवर झोपड्या घातल्या. १९७१ च्या झोपडपट्टी कायद्यानुसार पुढे त्यांतील अनेक वस्त्या घोषित झाल्या. नळ, शौचालये, वीज आली. निगडीत ‘ओटा स्कीम’ आहे. तयार घर न देता ओटा, म्हणजे जोते आणि सोयी द्यायच्या, वरचे घर रहिवाशाने आपल्या कष्टाने उभारायचे, अशी ती कल्पना. शहरातील कष्टकऱ्यांच्या अनेक वस्त्यांची नावे वाचा : मिलिंदनगर, सिद्धार्थनगर. ज्यांना गावाने नाव ठेवले होते, त्यांनी शहरात आपल्या वस्तीचे नाव स्वतः ठेवले. पाणी यायच्या आधी तेथे निळा झेंडा लागला आणि विहाराचे जोते घातले गेले.

तिसरा मार्ग गुंठ्याचा. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. आपल्या राज्यात बिगरशेतकऱ्यास शेतजमीन विकत घेण्यास बंदी आहे, आणि १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा पाडता येत नसे. कामगाराला तर एक-दोन गुंठेच हवे असत. मग स्टॅम्पपेपरवर व्यवहार होत. जागा ताब्यात येई, घर बांधले जाई, घरपट्टीही भरली जाई. सातबाऱ्यावर नाव मात्र चढत नसे. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने असे भूखंड शुल्क घेऊन नियमित करण्याची वाट काढली. पण आयुष्यभराची पुंजी घालून बांधलेल्या घरास ‘अनधिकृत’ म्हटले जाणे, ही टोचणी हजारो कुटुंबांनी सोसली. शेजारीच १९७२ मध्ये स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने आखीवरेखीव सेक्टर वसवले. त्यासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, ते शेतकरी साडेबारा टक्के परताव्यासाठी वर्षानुवर्षे झगडत राहिले. आखीव शहरालाही आणि बिनआखीव शहरालाही जमिनीचा प्रश्न सुटला नाही.

पाण्याची वाट

शहर पवनेचे पाणी पिते. मावळातील पवना धरणातून पाणी नदीत सोडले जाते आणि रावेत येथे ते उचलले जाते. वस्ती वाढली तसे हे पाणी अपुरे पडू लागले. म्हणून धरणापासून थेट बंद जलवाहिनीने पाणी आणण्याची योजना निघाली. आपल्या शेतीचे पाणी जाईल, या भीतीने मावळातील शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले आणि योजनेचे काम थांबले.

हा प्रसंग दोन्ही बाजूंनी पाहावा लागतो. थेरगावच्या चाळीतील आईला हंडाभर पाणी हवे आहे, आणि मावळातील शेतकऱ्याला भाताच्या खाचरात पाणी हवे आहे. दोघेही कष्टकरी. एका गावाचे शहर होताना दुसऱ्या गावाचे पाणी आटणार असेल, तर त्या वाढीचा हिशेब अपुरा आहे. ज्या समाजाने महाडच्या तळ्यासाठी सत्याग्रह केला, त्याला पाण्याच्या वाटपाचा प्रश्न परका वाटता कामा नये.

कारखान्यानंतरचे शहर

१९९० नंतर चित्र पुन्हा पालटले. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आर्थिक अडचणीत सापडली. २००७ मध्ये बजाजने आकुर्डीतील वाहन-उत्पादन थांबवले. मोटारींचे नवे कारखाने चाकणकडे गेले. पश्चिमेस हिंजवडीच्या शेतांत संगणक उद्योगाचे मोठे केंद्र उभे राहिले आणि लाखभर माणसे दररोज जेथे कामास जातात, ते गाव दीर्घकाळ ग्रामपंचायतीच्याच कारभाराखाली राहिले. सत्तर वर्षांपूर्वी पिंपरीत जे घडले, तेच तेथे नव्या वेषात घडले : आधी उद्योग, मागून माणसे आणि सर्वांत शेवटी गटारे व रस्ते. ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो धावू लागली.

कायम नोकरीची जागा कंत्राटाने घेतली, हा या काळातील सर्वांत मोठा बदल. वडील कारखान्यात कायम होते. मुलगा अधिक शिकलेला असूनही सात-सात महिन्यांच्या नेमणुकीवर आहे. वडिलांच्या पगारावर घर झाले, बहिणींची लग्ने झाली, धाकटा वसतिगृहात शिकला. मुलाच्या पगारावर बँक कर्ज देत नाही. सरकारी कारखाने मिटले की त्यांतील राखीव जागाही मिटतात, याची मोजदाद कुणी केली नाही तरी घराघरांत ती जाणवते.

आपले काम

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना परखड उत्तर दिले होते. गाव हे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर आहे, म्हणून संविधानाने व्यक्ती हा घटक मानला, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. समाजाने तो ऐकला आणि शहराची वाट धरली. ती वाट चुकली नाही. ज्या आजोबांना चावडीपुढे जोडे हातात घ्यावे लागत, त्यांची नात त्याच गावाच्या महानगरपालिकेत अधिकारी होऊ शकते. आणि १९९२ च्या घटनादुरुस्तीमुळे राखीव प्रभागांतून सभागृहातही बसू शकते. हे लहान परिवर्तन नव्हे.

परंतु शहर आपोआप न्याय देत नाही. ते संधी देते. न्याय मिळवावा लागतो, आणि त्यासाठी कागद, संघटन व शिक्षण ही तीन साधने लागतात. म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांस आमची विनंती आहे, की आपापल्या वस्तीचा इतिहास लिहावा. वस्ती कोणत्या साली वसली, पहिली दहा कुटुंबे कोणत्या जिल्ह्यांतून आली, नळ केव्हा आला, विहाराची वर्गणी कुणी गोळा केली, पहिली पदवीधर मुलगी कोण, हे सांगणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याबरोबर ही माहिती जाईल. आपल्या विद्यालयातील इयत्ता नववीच्या मुलांनी सुट्टीत घरी गेल्यावर आजी-आजोबांकडून एवढे जरी उतरवून आणले, तरी कोणत्याही दप्तरात नसलेला इतिहास आपल्या हाती येईल.

गावाची शीव पूर्वी आपल्या पूर्वजांच्या पायांनी मोजली जाई, पण तिचा नकाशा दुसऱ्याने काढला. या शहराचा इतिहास तरी आपल्या मुलांनी आपल्या हातांनी लिहावा.